खान्देशात घर घ्यायचे तर कोणत्या महिन्यात?

घर घेण्याचा विचार चारचौघांत बोलून दाखवला की जळगावात काय किंवा धुळ्यात काय, पहिला प्रश्न किमतीचा येत नाही. 'दसऱ्याला घेताय की आखाजीला?' असाच येतो; आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. प्रश्न गैर नाही, पण घर एका दिवशी घेतले जाते असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात घर घेणे म्हणजे निदान चार कामे आहेत: घर पाहणे, भाव ठरवणे, पैसा उभा करणे आणि कागद नोंदवणे. या चार कामांना योग्य असा काळ एकच नसतो, आणि आपल्याकडे तर तो ऊन, पाऊस, काळी माती आणि कापसाचा पैसा यांच्यावर ठरतो. पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांत 'घरखरेदीचा सुवर्णकाळ' म्हणून जे काही छापून येते, त्यातले निम्मे आपल्याला लागू पडत नाही. कागदपत्रे बारकाईने वाचायची सवय असल्यामुळे नात्यागोत्यातल्या व्यवहारांत मला नेहमी शेजारी बसवले जाते. त्या बैठकांतून आणि थोड्या आकडेमोडीतून बनलेले हे मत आहे.

आधी पाहण्याबद्दल, कारण माणसे सर्वांत कमी विचार याच कामाच्या वेळेचा करतात. सुटीच्या दिवशी सकाळी नऊ-दहाला, चहा घेऊन, हवा गार असताना घर बघितले जाते आणि 'हवेशीर आहे' असा शेरा मारून मंडळी परततात. खान्देशात घराची खरी परीक्षा मे महिन्यात दुपारी तीन वाजता होते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा सर्वांत वरच्या मजल्याचा स्लॅब आणि पश्चिमेची भिंत किती तापते, हे हात लावून पाहावे. स्लॅबवर नुसता चुना मारलेला आहे की खरोखर उष्णतारोधक थर दिलेला आहे, हे सकाळी कळत नाही. रात्री नऊनंतर पुन्हा एकदा जावे, कारण दिवसभर तापलेली वीट रात्री आत उष्णता सोडते आणि मुले झोपायची वेळ तीच असते. पश्चिमाभिमुख सदनिका डिसेंबरात पाहणाऱ्याला तिथले कोवळे ऊन आवडते. तेच घर मे महिन्यात दोन वातानुकूलन यंत्रांचे वीजबिल मागते. ते बिल पुढची वीस वर्षे भरायचे असल्याने तेही किमतीतच धरले पाहिजे.

मे महिन्यात दुसरी गोष्ट कळते ती पाण्याची. जळगावला वाघूर धरणातून, धुळ्याला तापीतून आणि नकाणे-डेडरगाव तलावांतून, नंदुरबारला विरचकमधून पाणी येते हे सर्वांना ठाऊक असते. पण आपण जी गल्ली पाहतो आहोत तिथे नळ किती दिवसांआड येतो, किती वेळ येतो आणि किती दाबाने येतो, हे घर विकणारा सांगत नाही. ते शेजारच्या घरातल्या बाईंना विचारावे. भर उन्हाळ्यात विचारले तर उत्तर नेमके मिळते, आणि तेच ऑक्टोबरात विचारले तर 'येतं की पाणी' एवढ्यावर भागते. नव्या वसाहतींमध्ये महापालिकेची जलवाहिनी पोहोचलेलीच नसते आणि सगळा भार कूपनलिकेवर असतो. यावल-रावेरकडच्या केळीच्या पट्ट्यात भूजल किती खोल गेले आहे हे आपण पाहतो आहोत. शहराच्या कडेच्या वसाहतींची गत फार वेगळी नाही. म्हणून कूपनलिका मे महिन्यात सुरू करून दाखवायला सांगावी आणि निदान अर्धा तास तिथे थांबावे. पाच मिनिटे धो-धो पाणी देऊन नंतर हवा फेकणाऱ्या कूपनलिका आपल्याकडे कमी नाहीत.

मग पाऊस. ज्यांना घाई नाही त्यांनी मे महिन्यात आवडलेले घर श्रावण-भाद्रपदात पुन्हा पाहिल्याशिवाय इसार (सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम) देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण आपली माती. तापीच्या खोऱ्यातली ही काळी, कापसाची जमीन पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात वाळली की आक्रसते. मे महिन्यात शेतातल्या भेगांत हात जातो, हे प्रत्येकाने पाहिलेले आहे. हीच माती घराखाली असते. पाया पुरेसा खोल नसेल, किंवा काळी माती उकरून काढून मुरमाचा भराव नीट न दाबता घाईने जोते बांधले असेल, तर दरवर्षीच्या या फुगण्या-आक्रसण्याने भिंतींना तडे जातात. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यापासून तिरपी वर चढत जाणारी भेग ही बहुधा पायाची तक्रार असते. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक रेषांना तेवढे घाबरायचे कारण नाही. स्वतंत्र बंगला, रो हाऊस आणि कंपाउंडची भिंत यांत हा दोष लवकर दिसतो. कंपाउंडची भिंत तर कधी खोटे बोलत नाही: तिचा पाया सर्वांत उथळ असतो, त्यामुळे माती हलते की नाही हे ती आधी सांगते.

पावसाळ्यात जाण्याचे आणखी एक कारण म्हणजे रस्ता. उन्हाळ्यात मुरूम टाकून गुळगुळीत केलेला रस्ता जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दुचाकीच्या चाकांना लगदा होऊन चिकटतो, आणि वसाहतीतल्या गटारांचे पाणी जायला वाटच ठेवलेली नाही हे तेव्हाच उघड होते. नदी-नाल्यांच्या काठच्या जागांबाबत तर याहून काळजीने वागायला हवे. ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेच्या पुराने धुळ्यात जे केले आणि ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर नदीने चाळीसगावात जे केले, ते विसरण्यासारखे नाही. दोन्ही घटना ऑगस्टमधल्या आहेत. जलसंपदा विभागाने आखलेल्या निळ्या (वारंवार येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) पूररेषा नगररचना विभागाकडे पाहायला मिळतात. जागा निळ्या रेषेच्या आत असेल तर भाव कितीही कमी असो, विषय तिथेच संपवावा.

आता एक इशारा. घर पहिल्यांदा पाहण्यासाठी सर्वांत वाईट काळ म्हणजे दिवाळीच्या आगेमागचा महिना. त्या काळात घराला नवा रंग लागलेला असतो, भेगा लांबी भरून बुजवलेल्या असतात, ओलीचे डाग झाकलेले असतात, हवा आल्हाददायक असते, नळाला पाणी असते आणि पाहणाऱ्याच्या मनात सण असतो. विकणारा फसवतोच असे नाही. दिवाळीला रंग सगळेच देतात. पण पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याउलट भाद्रपदाच्या शेवटी, पाऊस ओसरत असताना आणि रंगारी अजून आला नसताना, घर जसे आहे तसे दिसते.

नेमका हाच काळ भावासाठीही सर्वांत अनुकूल असतो, आणि याला मी योगायोग मानत नाही. खान्देशातला घरांचा आणि प्लॉटचा बाजार शेतीच्या पैशाने हलतो. पूर्वहंगामी बागायती कापसाची वेचणी दसऱ्याच्या आधीच सुरू होते, कोरडवाहू कापूस दिवाळीच्या सुमारास घरात येतो, आणि भाव पाहून तो संक्रांतीपर्यंत किंवा त्यानंतरही विकला जातो. ज्या वर्षी कापसाला बरा भाव मिळतो त्या वर्षी जानेवारीपासून तालुक्याच्या गावी प्लॉट पाहणाऱ्यांची गर्दी दिसू लागते, मार्चमध्ये हरभरा-गव्हाचा पैसा त्यात मिळतो आणि आखाजीला हा जोर शिगेला पोहोचतो. आखाजी हा आपल्याकडे नुसता सोनेखरेदीचा मुहूर्त नाही. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणाऱ्या शेतगड्याचे, साल त्या दिवशी बदलते, मागचे हिशेब मिटतात आणि शेतीचे नवे वर्ष सुरू होते, त्यामुळे मोठा व्यवहार त्या दिवशी करण्याला एक रीतसर अर्थ आहे. मात्र ज्या आठवड्यात दहा गिऱ्हाईके एका प्लॉटभोवती फिरतात, त्या आठवड्यात विकणारा एक रुपया सोडत नाही. जून उजाडला की चित्र पालटते. बियाणे, खते आणि मजुरीत शेतकऱ्याची रोकड जाते, नोकरदाराची मुलांच्या प्रवेशात जाते, आणि आषाढापासून पितृपक्षापर्यंत बाजार सुस्त राहतो. प्लॉट विकून मुलाच्या अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शिक्षणाचे शुल्क भरायचे आहे, असा विकणारा नेमका याच काळात भेटतो. त्याच्या गरजेचा गैरफायदा घ्यावा असे मी म्हणत नाही. पण रोख आणि वेळेवर पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाची किंमत त्याला याच काळात कळते, एवढे खरे.

जाता जाता आपल्याकडच्या आणखी एका छोट्या लाटेचा उल्लेख करतो, जिचा विचार कुठल्याच तज्ज्ञाने केलेला मी वाचला नाही. एका विशिष्ट पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तशी लिहिली. ही मंडळी ३१ मे रोजी घाऊकपणे सेवानिवृत्त होतात आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या हाती उपदान (ग्रॅच्युइटी) व अंशराशीकरणाची (निवृत्तिवेतनाचा काही भाग एकरकमी घेण्याची) रक्कम येते. जळगावात महाबळ किंवा पिंप्राळ्याकडे, धुळ्यात देवपूरकडे, दोन खोल्यांच्या तळमजल्यावरच्या घराला गणपतीच्या सुमारास अचानक मागणी येते, तिचे एक कारण हे आहे. अगदी तसेच घर तुम्हाला हवे असेल तर या मंडळींच्या आधी हालचाल केलेली बरी.

बांधकाम व्यावसायिकांकडून नवे घर घेताना पितृपक्षाला फार महत्त्व येते. त्या पंधरवड्यात कार्यालयात कोणी फिरकत नाही, आणि लगेच पुढे घटस्थापना ते दिवाळी हा त्यांचा वर्षाचा मुख्य हंगाम असतो. दसऱ्याच्या जाहिरातीत मॉड्युलर किचन, एसी, 'मुद्रांक शुल्क आमच्याकडे' अशी आमिषे येतात. माझा अनुभव असा की पितृपक्षात शांतपणे बसून बोलले तर याच वस्तूंची किंमत मूळ भावातून वजा करून मिळू शकते, आणि ती वजाबाकी भेटवस्तूपेक्षा केव्हाही चांगली, कारण भाव कमी झाला की कर्ज कमी होते आणि व्याजही कमी होते. ज्यांच्या घरात पितृपक्षात व्यवहार करणे मान्य नसते त्यांनी भाव तेव्हा ठरवावा आणि इसार घटस्थापनेला द्यावा. बहुतेक व्यावसायिक यास तयार होतात. दसऱ्याला फलकावर एक घर 'विकले' म्हणून दाखवायला त्यांनाही हवेच असते.

नव्या घराच्या बाबतीत महिन्यापेक्षा बांधकामाचा टप्पा जास्त पैसे वाचवतो किंवा घालवतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर जीएसटी नाही. बांधकाम सुरू असलेल्या घरावर तो ५ टक्के आहे. पण महानगर नसलेल्या शहरांत चटईक्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्काच लागतो. खान्देशातली पुष्कळ घरे या मर्यादेत बसतात, तरी गिऱ्हाइकाला सरसकट ५ टक्के सांगितले गेल्याचे मी ऐकले आहे. महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी संकेतस्थळावर तपासावी हे आता सर्वांना पाठ झाले आहे, मात्र ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही किंवा ज्यात आठपेक्षा जास्त घरे नाहीत त्याला ही नोंदणी सक्तीची नाही, आणि आपल्याकडच्या रो हाऊसच्या छोट्या योजना बहुधा यातच मोडतात. तिथे तुमचा वकील हाच तुमचा महारेरा. नोंदणीकृत प्रकल्पात नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही; दसऱ्याच्या उत्साहात ही मर्यादा ओलांडायला कोणी सांगितले तर तो नियम शांतपणे दाखवावा.

जुन्या घरांची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते ती या सगळ्यात जास्त खान्देशी आहे. जुने घर किंवा गावठाणालगतचा प्लॉट बहुधा वडिलोपार्जित असतो. उताऱ्यावर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीवर, वडील वारल्यानंतर लागलेली पाच-सहा नावे असतात. एक भाऊ जळगावात, एक सुरतेला, एक पिंपरी-चिंचवडला, आणि बहिणी आपापल्या घरी. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क दिला आहे, त्यामुळे 'बहिणींचं काही म्हणणं नाही' या तोंडी आश्वासनाला कायद्यात किंमत नाही. त्यांची खरेदीखतावर सही हवी किंवा आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे. आता ही सर्व माणसे एका गावात एकत्र केव्हा येतात? आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या सणासाठी भाऊबंद जमतात, आणि भाऊबिजेला पुन्हा बहिणी येतात. जुन्या घराच्या व्यवहाराचे खरे पंचांग हे आहे. भाद्रपदात भाव ठरला, कागद तपासून झाले आणि सह्या भाऊबिजेच्या आठवड्यात कार्यालय उघडल्यावर ठेवल्या, तर व्यवहार पुरा होतो. अन्यथा एका सहीसाठी तो सहा महिने लोंबकळतो आणि तेवढ्यात एखाद्या भावाला जास्त भाव देणारे गिऱ्हाईक भेटते. मी पाहिलेल्या मोडलेल्या व्यवहारांत भावावरून मोडलेले कमी आणि सह्यांच्या प्रतीक्षेत मोडलेले जास्त आहेत. म्हणून इसार पावतीवरच सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात आणि खरेदीखताची मुदत पुढच्या सणानंतरची ठेवावी.

प्लॉट घेणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की मोजणी उन्हाळ्यात करून घ्यावी. पावसाळ्यात काळ्या मातीत खुणा सापडत नाहीत, शेजारी पीक उभे असते आणि हद्दीवर पाय ठेवू दिला जात नाही. बिनशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन आणि स्वतंत्र उतारा नसलेला प्लॉट कोणत्याही महिन्यात घेऊ नये. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिल्यापासून धुळे-शिरपूर भागात 'स्टेशन इथेच होणार' असे सांगून प्लॉट दाखवणारे एजंट भेटतात. १८ हजार कोटींचे ते काम आहे, आणि होईल तेव्हा होईल. आजच्या भावात उद्याची गाडी मोजून देऊ नये.

आता मार्च महिन्याबद्दल, कारण सर्वांत जास्त धावपळ त्याच महिन्यात होते आणि सर्वांत कमी गरजेची धावपळ तीच असते. बाजारमूल्याचे तक्ते, ज्यांना आपण रेडीरेकनर म्हणतो, ते सामान्यतः १ एप्रिलपासून बदलतात, म्हणून '३१ मार्चच्या आत करून टाका' असा सल्ला मिळतो. पण दर प्रत्येक वर्षी वाढतातच असे नाही: २०२३ आणि २०२४ मध्ये ते बदलले नाहीत, २०२५ मध्ये वाढले. शिवाय वाढले तरी फरक किती पडतो ते मांडून पाहावे. महापालिका हद्दीतले ४० लाखांचे घर धरा. मूळ मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि स्थानिक संस्थेचा अधिभार १ टक्का मिळून २ लाख ४० हजार रुपये होतात. नोंदणी शुल्क १ टक्का असले तरी त्याला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे. दर ५ टक्क्यांनी वाढले आणि मूल्य ४२ लाख झाले, तर शुल्क वाढते १२ हजार रुपयांनी. तेही केव्हा, तर तुमचा व्यवहार रेडीरेकनरच्या मूल्याइतक्याच किमतीचा असेल तेव्हा. शुल्क हे करारातली किंमत आणि बाजारमूल्य यांतल्या मोठ्या रकमेवर लागते. तुम्ही घर तक्त्यापेक्षा चढ्या भावाने घेत असाल, तर तक्ता थोडा वर सरकल्याने तुम्हाला एक रुपयाही जास्त पडत नाही. या १२ हजारांसाठी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शोध अहवाल (मालकी आणि बोजा तपासणारा वकिलाचा अहवाल) अर्धवट असताना खरेदीखत करणारे लोक आहेत, आणि त्यांची घाई ओळखून विकणारा पन्नास हजारांनी आखडतो.

याची दुसरी बाजू अशी की एखाद्या भागात बाजार पडलेला असतो आणि तक्त्यातले मूल्य प्रत्यक्ष भावापेक्षा जास्त असते. तिथे शुल्क तर वरच्या रकमेवर लागतेच, शिवाय फरक १० टक्क्यांहून आणि ५० हजारांहून अधिक असेल तर तो प्राप्तिकरात घेणाऱ्याचे उत्पन्न म्हणून धरला जाऊ शकतो. अशा जागेसाठी मात्र एप्रिलच्या आधी आणि नंतरचे दर दोन्ही पाहून मगच तारीख ठरवावी.

सवलतीची लाट खरोखर मोठी असेल तेव्हा धावावे, हेही सांगितले पाहिजे. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात राज्याने मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी आणि त्यानंतर ३१ मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांनी कमी केले होते. ४० लाखांवर ३ टक्के म्हणजे १ लाख २० हजार. तेवढ्यासाठी डिसेंबरात रांगेत उभे राहण्यात शहाणपण होते. अशा वेळी उपयोगी पडणारी तरतूद अशी की दस्त निष्पादित झाल्यापासून, म्हणजे त्यावर सह्या झाल्यापासून, चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी सादर करता येतो; त्यामुळे शुल्क भरून सह्या केल्या की कार्यालयातली गर्दी ओसरेपर्यंत थांबता येते. आणि कोणत्याही महिन्यात मिळणारी एक सवलत लोक अजूनही विसरतात: १ एप्रिल २०२१ पासून निवासी घर केवळ महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. आपल्या उदाहरणात ती ४० हजारांची होते, म्हणजे मार्चच्या धावपळीतून वाचणाऱ्या रकमेच्या तिपटीहून अधिक. पती-पत्नी दोघांच्या नावे घेतल्यास ती मिळत नाही.

प्राप्तिकर वाचवण्यासाठी मार्चपूर्वी ताबा घ्यावा, हा सल्लाही आता तपासून घ्यावा लागतो. गृहकर्जाच्या व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट राहत्या घरासाठी जुन्या करप्रणालीतच मिळते. ज्यांनी जुनी प्रणाली ठेवली आहे त्यांना वर्ष संपण्याआधी बांधकाम पूर्ण होऊन ताबा मिळाल्यास त्या पूर्ण वर्षाच्या व्याजाची वजावट घेता येते, म्हणून मार्च आणि एप्रिल यांत फरक आहे. नव्या प्रणालीत गेलेल्या नोकरदाराला राहत्या घराबाबत तो नाही.

कर्जाच्या दरासाठी थांबावे का, हा प्रश्न तरुण मुले हमखास विचारतात. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना कर्ज देते तो दर, ६.५० वरून टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर आणला. बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य निर्देशकाशी (बहुधा याच रेपो दराशी) जोडलेली आहेत आणि तीन महिन्यांतून निदान एकदा त्यांचा दर नव्याने ठरतो. म्हणजे आज कर्ज घेतले आणि उद्या दर उतरला, तरी तो तुम्हालाही मिळतो. दरासाठी घर लांबणीवर टाकण्यात अर्थ नाही. स्वतःची रोकड केव्हा हाती येते, ही तारीख त्याहून महत्त्वाची. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. पण मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च, अगदी स्वस्त घरे सोडली तर, त्या किमतीत धरला जात नाही. ४० लाखांच्या घराला ८० टक्के कर्ज मिळाले तरी ८ लाख स्वतःचे, त्यावर २ लाख ७० हजार शुल्काचे, आणि वकील, वीजमीटर, किरकोळ दुरुस्ती वेगळीच. हे साडेअकरा-बारा लाख ज्या महिन्यात मोकळे होतात तो तुमचा महिना. मुदतठेव मोडून, दागिने गहाण ठेवून, हातउसने घेऊन मुहूर्त साधणे मला पटत नाही.

आणि मुहूर्ताबद्दल. साडेतीन मुहूर्तांपैकी गुढीपाडवा, दसरा आणि बलिप्रतिपदा या तिन्ही दिवशी राज्यात सार्वजनिक सुटी असते, म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालय सहसा बंदच असते. राहते ती आखाजी, आणि त्या दिवशी कार्यालय उघडे असले तर पाय ठेवायला जागा नसते. त्यामुळे 'मुहूर्तावर नोंदणी' हा हट्ट आपोआपच बाद होतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना मुहूर्त हवा असतो तो कलशाला आणि वास्तुशांतीला, इंडेक्स टूला, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्याला, नव्हे. हा फरक त्यांना नीट समजावून सांगितला तर आक्षेप राहत नाही. माझ्या मेहुण्यांच्या घरी असेच झाले: भाव पितृपक्षात ठरला, इसार दुसऱ्या माळेला दिला, खरेदीखत साध्या मंगळवारी झाले आणि वास्तुशांत गुरुजींनी सांगितलेल्या मार्गशीर्षातल्या दिवशी झाली. अण्णांना, म्हणजे त्यांच्या वडिलांना, एकाही तारखेबद्दल तक्रार नव्हती.

२०२६ मध्ये घर घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी पंचांगात एक विशेष गोष्ट आहे. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे आणि तो मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत येतो. एरवी शाळा सुरू होण्याआधी घर बदलण्यासाठी नोकरदारांची जी घाई याच आठवड्यांत असते, ती अधिक महिन्यामुळे थंडावलेली राहील. उन्हाने आणि पाणीटंचाईने घराचे गुणदोष मात्र उघडे पडलेले असतील. पाहणी आणि बोलणी एकाच महिन्यात जमून येण्याचा असा योग सुमारे पावणेतीन वर्षांनी येणाऱ्या अधिक मासांतही क्वचित मिळतो, कारण २०२३ मधला अधिक श्रावण भर पावसात आला होता. ज्यांना भाद्रपदापर्यंत थांबायचे नाही त्यांनी दुपारी तीनला बाहेर पडावे. टोपी आणि पाण्याची बाटली सोबत ठेवावी.